जुन्या घरगुती कॉम्प्युटरची खास चिप बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ किंवा त्यांच्या वयाचं एखादं यंत्र माळ्यावरून उतरवलं, लावलं आणि पडदा काळाच राहिला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ती स्पेशल चिप उडाली का? कुठे मिळेल?" असे मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः या दोन यंत्रांबद्दलची आहेत, कारण माझा हात त्यांच्यावरच बसला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा सूर कळेल. "ही मेली" म्हणून माझ्यासमोर आणलेल्या खास चिप्सपैकी बऱ्याच ठणठणीत होत्या.

खास चिप म्हणजे नेमकी कुठली? सगळे आयसी सारखेच दिसतात.

दिसतात सारखेच, पण बाजारात फरक कळतो. स्पेक्ट्रममधला झेड८० प्रोसेसर, रॅम किंवा ७४ मालिकेतले लॉजिक आयसी कित्येक कंपन्यांनी कित्येक यंत्रांसाठी बनवले. एक गेला तर दुसरा लावायचा. खास चिप मात्र त्या एकाच यंत्रासाठी घडवलेली असते. स्पेक्ट्रमची युएलए, म्हणजे अनकमिटेड लॉजिक अ‍ॅरे, ब्रिटनच्या फेरान्टी कंपनीने स्पेक्ट्रम काढणाऱ्या सिंक्लेअर कंपनीसाठी बनवली. आत तयार लॉजिकचे तुकडे असायचे आणि शेवटचा धातूचा थर गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे जोडून द्यायचा. या युक्तीमुळे सिंक्लेअरच्याच आधीच्या झेडएक्स८० मधल्या २१ आयसींचं काम १९८१ च्या झेडएक्स८१ मध्ये ४ आयसींवर आलं. स्वस्ताई तिथून आली आणि आजची डोकेदुखीही तिथूनच.

कमोडोरची गोष्ट थोडी वेगळी. त्यांनी १९७६ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनीच विकत घेतली. त्यामुळे कमोडोर ६४ मध्ये चित्राची व्हिक-टू, आवाजाची सिड, कीबोर्ड आणि पोर्ट सांभाळणाऱ्या दोन सीआयए, असा घरचाच गोतावळा आहे. १९९४ मध्ये कमोडोरचं दिवाळं निघालं. तेव्हापासून जगात उरलेला साठा हाच साठा.

स्पेक्ट्रम लावला तर पडद्यावर नुसते रंगीत चौकोन येतात. युएलए मागवू का?

थांबा. आधी पडद्याची कड बघा. चित्राभोवतीची किनार स्थिर आणि पांढरी असेल, तर युएलए चित्राची वेळ नीट सांभाळते आहे. शिवाय झेड८० ने रॉममधल्या पहिल्या काही सूचना वाचल्या आहेत, कारण किनार पांढरी करण्याची आज्ञा तिथूनच येते. म्हणजे तुम्ही जिच्यावर संशय घेताय तीच बिचारी काम करते आहे. आतले चौकोन हा बहुतेक वेळा खालच्या १६ के रॅमचा गोंधळ असतो. पडद्याचा मजकूर त्याच रॅममध्ये राहतो.

ही रॅम म्हणजे ४११६ जातीचे ८ आयसी. त्यांना एक नाही, तीन व्होल्टेज लागतात. मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला, म्हणजे १६ नंबरच्या पायाला लावा. मग पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२ आणि पाय ९ वर ५ व्होल्ट यायला हवेत. बाहेरून फक्त ९ व्होल्ट डीसी येतो. ५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर देतो. उरलेले दोन बोर्डावरची एक कॉइल आणि टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. हा टीआर४ उडणं हा स्पेक्ट्रमचा जुना आजार. उणे ५ गायब आणि १२ मात्र शाबूत अशा अवस्थेत यंत्र चालू ठेवलं, तर ४११६ मरतात. उलटंही होतं : एखादी ४११६ आतून शॉर्ट होते आणि ती टीआर४ ला घेऊन जाते. म्हणून नवा टीआर४ लावून लगेच स्विच दाबू नका. आधी १२ व्होल्टची लाइन ग्राउंडशी शॉर्ट नाही ना, ते बघा.

मग तपासायचं कोणत्या क्रमाने?

आधी वीज, मग क्लॉक (चिप्सना ताल देणारे ठोके) आणि रीसेट, मग सॉकेटचे संपर्क, मग रॅम, मग साधे लॉजिक आयसी. हे सगळे निर्दोष निघाले की मगच खास चिप. हा क्रम कुठल्या पुस्तकातला नाही. जे स्वस्त आणि सहज मिळणारं आहे त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, एवढाच हिशेब.

क्लॉक बघायला ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. स्पेक्ट्रममध्ये झेड८० च्या ६ नंबरच्या पायावर ३.५ मेगाहर्ट्झ दिसायला हवा. तो युएलएकडूनच येतो, म्हणजे तिच्या तब्येतीचा एक पुरावा इथेही मिळतो. स्कोप नसेल तर साधा लॉजिक प्रोबसुद्धा (लाइनवर हालचाल आहे का ते दिव्याने दाखवणारं पेन) बरंच सांगून जातो.

कमोडोर ६४ चा लाल दिवा लागतो, पण पडदा काळा. व्हिक-टू गेली ना?

दिवा लागतो म्हणजे ५ व्होल्ट पोचतोय, एवढंच सिद्ध झालं. या यंत्राला बाहेरून दोन पुरवठे येतात : ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. जुन्या लांब बोर्डांवर व्हिक-टूला लागणारा स्वतःचा ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट हे दोन्ही त्या ९ व्होल्ट एसीतून तयार होतात. त्या एसीच्या वाटेवर बोर्डावर काचेचा एक फ्यूज असतो. तो उडाला तर दिवा मजेत लागलेला आणि चित्र मात्र शून्य. काही रुपयांचा फ्यूज आणि लोक परदेशातून व्हिक-टू मागवून बसतात. जुन्या ६५६९ च्या (हा व्हिक-टूचाच एक नंबर) पाय ४० वर ५ आणि पाय १३ वर १२ व्होल्ट येतात का, आधी ते बघा.

वीज ठीक असेल तर पुढचा संशयित पीएलए. बोर्डावर कोणाला कधी बोलू द्यायचं, रॅमला, रॉमला की कार्ट्रिजला, हे ठरवणारा हा वाहतूक पोलीस. तो प्रचंड तापतो आणि कमोडोरच्या खास चिप्समध्ये सगळ्यात आधी जाणाऱ्यांपैकी आहे. मग रॅम. मायक्रॉन कंपनीच्या 'एमटी' अक्षरं असलेल्या रॅम चिप्स या यंत्रात बदनाम आहेत. एमओएसने स्वतः बनवलेले लॉजिक आयसीही तसेच. उदाहरणार्थ ७७०८ असं छापलेला आयसी म्हणजे साधा ७४एलएस२५७. तो गेला तर रडायचं कारण नाही.

डेड टेस्ट नावाची एक निदान-कार्ट्रिज असते, ती मिळवाच. रॅम खराब असेल तर पडदा ठराविक वेळा चमकतो आणि त्या मोजणीवरून आठांपैकी कोणती चिप गेली ते कळतं.

मूळ सप्लाय वापरू का? तो तर ओरिजिनल आहे.

कमोडोर ६४ चा तो काळा, जड, आत रेझिन ओतून बंद केलेला ठोकळा वापरू नका. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडतो तेव्हा बंद पडत नाही, जास्त व्होल्ट सोडायला लागतो. त्याचा पहिला घास रॅम, मग बाकीच्या चिप्स. 'ओरिजिनल' या शब्दाचा मोह मलाही होता. माझ्या पहिल्या यंत्रातली सिड आणि निम्मी रॅम त्या मोहात गेली. सुरुवातीला मीटरवर ५.१ दिसले म्हणून मी निर्धास्त झालो. अर्ध्या तासाने, ठोकळा तापल्यावर, ते किती झाले हे बघायला मी तिथे नव्हतो, चहा करत होतो.

नवा, चांगल्या रेग्युलेटरचा सप्लाय बनवा किंवा घ्या. ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ च्या आत राहिली पाहिजे. जुनाच वापरायचा असेल तर मध्ये व्होल्टेज वाढलं की वीज तोडणारं छोटं सर्किट लावा.

कीबोर्डची काही बटणं मेली आहेत. हे चिपचं काम आहे का?

कुठली मेली ते कागदावर लिहा. उत्तर त्या यादीतच असतं. स्पेक्ट्रमचा कीबोर्ड पाच-पाच बटणांच्या आठ अर्ध्या रांगांत वाटलेला आहे. एका अर्ध्या रांगेतली पाचही बटणं एकदम गेली, जसं की क्यू ते टी, तर त्या रांगेची पत्त्याची लाइन, तिच्यावरचा डायोड किंवा मेम्ब्रेनची (बटणांखालच्या पातळ प्लॅस्टिकच्या थराची) पट्टी बघा. प्रत्येक अर्ध्या रांगेतलं एकेकच बटण, म्हणजे एकूण आठ बटणं गेली असतील, तर युएलएकडे जाणाऱ्या पाच लाइनींपैकी एक तुटली आहे. यातही दहापैकी नऊ वेळा मेम्ब्रेनची शेपटी तडकलेली असते. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक आहे ते. मेम्ब्रेन नवी मिळते आणि स्वस्त मिळते.

कमोडोरमध्ये कीबोर्ड आणि जॉयस्टिक यू१ जागेवरची ६५२६, म्हणजे सीआयए, सांभाळते. डिस्क ड्राइव्ह आणि यूजर पोर्ट यू२ ची. दोन्ही चिप्स एकच आहेत. सॉकेटमध्ये असतील तर अदलाबदल करा. कीबोर्ड चालू झाला आणि ड्राइव्ह रुसला, तर चोर पकडला गेला. जॉयस्टिक पोर्टच्या उघड्या पिना थेट या चिपला जोडलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत सिंथेटिक स्वेटर घालून त्या पिनांना बोट लावणं म्हणजे ६५२६ ला विषप्रयोग आहे.

चिप इतकी तापते की बोट ठेववत नाही. हे बिघडल्याचं लक्षण का?

युएलए, व्हिक-टू, पीएलए, सिड या मुळातच गरम डोक्याच्या. लहानसा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक थर्मल टेपने चिकटवा. कायमचा गोंद नको, वरचे आकडे पुढच्या माणसाला वाचता आले पाहिजेत. संशय घ्यायचा तो शेजाऱ्यांपेक्षा वेगळं वागणाऱ्या चिपवर : आठ रॅमपैकी सात कोमट आणि एक चटका देणारी असेल, तर तीच.

चालू यंत्रातली चिप काढून बंद यंत्रात घालून बघू का?

उलट करा. संशयित चिप चांगल्या यंत्रात घाला. बंद यंत्रात काय बिघडलंय ते अजून तुम्हाला माहीत नाही. वीजच बिघडली असेल तर तुमच्याकडे एकाऐवजी दोन मेलेल्या चिप्स होतील. उलट वाटेतही धोका थोडा आहे, पण खूप कमी. आणि खाच बघून घाला. चिप उलटी बसवली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

सिड बदलायची आहे. ६५८१ आणि ८५८० यांत काय फरक, एकीच्या जागी दुसरी चालेल?

सरळ घालू नका. दोघींचे पाय २८ च, जागा तीच, पण ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात आणि नंतरच्या ८५८० ला ९. जुन्या बोर्डात ८५८० घातली की तिच्या पाय २८ वर १२ व्होल्ट बसतात. शिवाय फिल्टरचे दोन कपॅसिटरही वेगळे : ६५८१ साठी ४७० पिकोफॅरड, ८५८० साठी २२ नॅनोफॅरड. मधे बसवायचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते व्होल्टेज उतरवून देतं.

आवाजाबद्दल मतभेद आहेत आणि राहतील. ६५८१ चा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा वाजतो, जशी एकाच कारागिराची दोन हार्मोनियम. ८५८० स्वच्छ आहे, पण व्हॉल्यूमच्या रजिस्टरमधून बोललेले शब्द आणि ढोल वाजवायची जी जुनी युक्ती होती, ती तिच्यावर अगदी दबकी ऐकू येते. मला ६५८१ आवडते. पण ऐंशीतले खेळ नुसते खेळायचे असतील, तर इतका खर्च करू नका.

सिड नसली तरी कमोडोर ६४ सुरू होतो. म्हणून शॉर्ट शोधताना ती खुशाल बाहेर काढून ठेवा. आणि आवाज ठीक आहे पण पॅडल (खेळासाठीचा गोल फिरवायचा कंट्रोलर) किंवा माऊस चालत नाही, अशी तक्रार असेल तर तेही सिडचंच खातं. पॅडलची स्थिती ती वाचते.

नव्याने बनवलेल्या बदली चिप्स कशा आहेत?

बऱ्याच चांगल्या, आणि दरवर्षी सुधारताहेत. सिडसाठी स्वीनसिड, आर्मसिड, एफपीजीएसिड असे पर्याय आहेत. स्वस्त स्वीनसिडमध्ये छोटा मायक्रोकंट्रोलर असतो, साध्या आवृत्तीत पॅडल वाचायची सोय नसते आणि फिल्टर ऐकून जाणकार नाक मुरडतात. आर्मसिड रोजच्या वापराला पुरेशी. एफपीजीएसिड सर्वांत खर्चिक. स्पेक्ट्रमच्या युएलएचं आवरण काढून, आतल्या थरांचे फोटो घेऊन तिची रचना उलगडली गेली आहे. त्यामुळे व्हीएलए८२ सारख्या बदल्या शक्य झाल्या. व्हिक-टूसाठी कवारी नावाची एफपीजीए (आतली जोडणी नंतर हवी तशी ठरवता येणारी चिप) बदली आहे.

पीएलएची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. मूळ पीएलए ८२एस१०० जातीचा : १६ आत येणाऱ्या लाइनी, ८ बाहेर जाणाऱ्या. आता २७सी५१२ हा साधा ईप्रॉम, म्हणजे लिहिलेलं वीज गेली तरी जपून ठेवणारी मेमरी, बघा : १६ पत्त्याच्या लाइनी, ८ डेटाच्या. म्हणजे १६ लाइनींच्या ६५,५३६ शक्यतांपैकी प्रत्येकीचं उत्तर ईप्रॉममध्ये लिहून ठेवलं की झाला पीएलए तयार! पायांची जुळणी वेगळी असल्याने मधे अडॅप्टर लागतो, तेवढंच. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात ईप्रॉम संथ असतो आणि पत्ता बदलत असताना क्षणभर त्याच्या बाहेरच्या लाइनी भरकटतात. काही बोर्ड हे सहन करतात, काहींमध्ये एखादी कार्ट्रिज लावली की पडदा गोठतो. घ्यायचाच तर ७० नॅनोसेकंदांसारखा वेगवान घ्या. निदानासाठी मी ईप्रॉमवाला पीएलए हाताशी ठेवतो. कायमचा बसवायला मात्र या कामासाठीच बनवलेली नवी बदली घेतो.

अमेरिकेतल्या आत्येभावाने त्याचा कमोडोर ६४ पाठवला. त्याची व्हिक-टू माझ्या पाल यंत्रात चालेल?

पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन वेगळ्या पद्धती, पाल आपल्याकडची, एनटीएससी अमेरिकेची. अमेरिकेतली ६५६७ एनटीएससीची आहे, पालची ६५६९. नुसती चिप बदलून भागत नाही. क्रिस्टल बदलावा लागतो, पालचा १७.७३ मेगाहर्ट्झ, एनटीएससीचा १४.३१८, आणि बोर्डावरचा जम्पर हलवावा लागतो. नंतरच्या ८५६२ आणि ८५६५ फक्त ५ व्होल्टवर चालतात, त्या जुन्या बोर्डात घालू नका. आणि तो सप्लाय ११० व्होल्टचा असेल. हे आधी भावाला विचारा, मग प्लग शोधा.

नेटवर घेतलेली 'टेस्टेड' चिप खोटी निघू शकते?

निघते. माझ्याकडे एक सुंदर, चकचकीत ६५८१ आली होती. आवाज सोडाच, पाय १४ ग्राउंडलाही नव्हता. दुसऱ्याच कुठल्यातरी २८ पायांच्या आयसीचं तोंड घासून वर नवे आकडे छापले होते. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन छपाई पुसा, नवी शाई निघून येते. पृष्ठभाग जास्तच काळा आणि गुळगुळीत, तारखेचा आकडा असा की तेव्हा ती चिप निघतच नव्हती, दहा चिप्सच्या पाकिटात दहाही एकाच आठवड्याच्या : हे दिसलं की हात आखडता घ्या. विकणाऱ्याकडे ती चिप यंत्रात चालतानाचा व्हिडिओ मागा.

सोल्डर केलेली चिप कशी काढू? सॉकेट नाही.

चिप मेली आहे याची पक्की खात्री असेल, तर तिच्यावर दया करू नका. बारीक कटरने सगळे पाय अंगाजवळ कापा, देह बाजूला करा आणि एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा. मग भोकं सकरने (वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने) साफ करा. चिप आणि बोर्ड यांपैकी एकच वाचवायचं असेल, तर नेहमी बोर्ड. चाळीस वर्षांच्या बोर्डाचे पॅड सहज सुटतात, ४० पायांची चिप अख्खी उपसायच्या नादात निम्मे ट्रॅक सोबत येतात.

चिप वाचवायची असेल तर आधी प्रत्येक डागावर ताजं सोल्डर आणि भरपूर फ्लक्स घाला. ऐकायला उलटं वाटतं, पण जुनं सोल्डर नव्यात मिसळून नीट वितळतं. मग सकर किंवा विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी). ग्राउंडचे पाय शेवटी. तांब्याचा मोठा पट्टा उष्णता पिऊन टाकतो आणि तिथेच माणूस घाईला येतो.

एक सावधगिरी : स्पेक्ट्रमच्या अगदी पहिल्या, इश्यू १ बोर्डावर एक ७४एलएस०० आयसी पाय वर करून चिकटवलेला दिसेल. तिकडच्या मंडळींनी त्याला 'मेलेलं झुरळ' असं नाव ठेवलं आहे. कोणा हौशी मेकॅनिकचा उद्योग समजून तो उपटू नका. सुरुवातीच्या युएलएमधली चूक झाकण्यासाठी कंपनीनेच तो बसवला होता.

सॉकेट कुठलं बसवू? आणि चिप नुसती दाबून बसवल्यावर यंत्र चालू झालं, हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल नाही, गंज. चिपचे पाय काळे पडतात, सॉकेटची पाती सैल होतात. मुंबई-कोकणातल्या चार पावसाळ्यांत हे काम जोरात होतं. चिप काढा, पाय फायबरच्या पेनने किंवा मऊ खोडरबराने हलके घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, परत बसवा. वर लिहिलेल्या ठणठणीत चिप्सपैकी निम्म्या तरी अशाच 'बऱ्या' झाल्या.

नवीन सॉकेट दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या पात्यांचं घ्या. गोल भोकांचं टर्न्ड-पिन सॉकेट मजबूत असतं, पण त्यात चिप काढघाल करायला जोर लागतो. एकाच बाजूने टेकणारं स्वस्त सॉकेट कमोडोरनेही लावलं होतं, त्याची फळं आपण भोगतोच आहोत.

हे सामान आपल्याकडे मिळतं का?

सॉकेट, विक, फ्लक्स, ७४ मालिका, रेग्युलेटर, फ्यूज हे मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतं. खास चिप्स बाहेरूनच येणार, तेव्हा किमतीत कस्टम ड्युटी धरा. झायलॉगने २०२४ मध्ये सुटा झेड८० बनवणं थांबवलं, त्यामुळे जुन्या दुकानदाराच्या खणात एखादा दिसला तर घेऊन ठेवा.

भंगाराकडेही लक्ष असू द्या. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस इथे विकला, तो भारतात चांगला खपला. बीबीसी मायक्रो १९८४ च्या क्लास प्रकल्पातून सरकारने शाळांमध्ये पोचवला. त्यातली काही यंत्रं आजही कुठल्यातरी प्रयोगशाळेच्या कपाटात, वर फुलदाणी ठेवलेली, उभी असतील. बीबीसी मायक्रोतली व्हिडिओ युएलए तापते म्हणून तिच्यावर हीटसिंक लागतो. पण यंत्र चालू करायच्या आधी सप्लायमधले पिवळट, तडकलेले कागदी कपॅसिटर बदला, नाहीतर खोलीभर धूर होईल.

कमोडोरच्याच अमिगा या कॉम्प्युटरची अ‍ॅग्नस चिप स्क्रूड्रायव्हरने निघेल का?

निघेल, सॉकेटचा कोपरा तोडून. ८४ पायांच्या चौकोनी चिपसाठी पीएलसीसी एक्स्ट्रॅक्टर नावाचा चिमटा मिळतो, तो घ्या.

काढलेली मेलेली चिप टाकून देऊ?

नको. अर्धवट मेलेल्या चिप्सही कामाला येतात. ज्या सिडचा फिल्टर गेला आहे पण तिन्ही आवाज चालतात, तिच्यावर बोर्डाची चाचणी बिनधास्त घेता येते. ज्या सीआयएची एकच पोर्ट-लाइन तुटली आहे, ती यू२ जागी चालून जाते, जर तुम्ही ती लाइन वापरत नसाल तर. काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून ठेवा, डब्यात सुट्या खडखडत टाकू नका, थर्माकोलमध्ये तर नाहीच. चिकटपट्टीवर लिहा : कुठल्या यंत्रातून, कधी, काय चालत नाही. माझ्या डब्यातल्या एका ६५६९ वर फक्त 'बघणे' एवढंच लिहिलंय, आणि काय बघायचं होतं ते मला आता आठवत नाही.